सुकवाराबाईचा अंगठा

सुकवाराबाई भित्री होती. हे मी तिच्या पाठीमागं बोलत नाही. तिच्या तोंडावरही मी तिला भित्री म्हणायचे, आणि ती जराही न रागावता म्हणायची, "हो ना वो, मले भेव लागते. तुले नाही लागत काय?" लागायचं मलाही. फक्त मी ते बोलून दाखवत नव्हते.

आता बातम्यांत दोन देशांची मोठी माणसं लांबलचक टेबलाशी बसून व्यापाराच्या करारावर सह्या करताना दाखवतात, तेव्हा मी घाबरून टीव्ही बंद करायला उठते. सून म्हणते, "आई, चांगलीच गोष्ट होऊन राहिली ना. बाहेरचा पैसा येईल, कारखाने येतील. तुम्ही कायले घाबरता?" तिचं म्हणणं खोटं नाही. पैसा येतो. मी तो येताना माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पण त्या चकचकीत पेनांकडे पाहिलं की मला एक झिजलेला अंगठा आठवतो. त्या सहीचं दुसरं टोक कुणाच्या हातात येऊन पोचतं, ते आठवतं. म्हणून हे लिहायला बसले.

आमचा कारखाना लाखेचा. गोंदिया म्हटलं की लोकांना धानाच्या गिरण्या दिसतात, पण लाखेचं कामही इथं जुनं आहे. पळसाच्या, कुसुमच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक लाल किडा बसतो, झाडाचा रस पितो आणि स्वतःभोवती कवच करतो. ते कवच म्हणजे लाख. जंगलातली माणसं ती खरवडून पोत्यात भरतात, पोती आमच्याकडे येतात. आम्ही बाया ती निवडायचो, धुवायचो, वाळवायचो. मग भट्टीवर वितळवून पापडासारखी पातळ ताणायची, तो चपडा. बांगड्यांना लागतो, लाकडाच्या पॉलिशला लागतो, आणि तुम्ही औषधाची चकचकीत गोळी गिळता ना, त्या चकाकीतही तोच असतो. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

माझं काम चिठ्ठीचं. पोतं कुठल्या गावचं, कोणत्या झाडाचं, कोणत्या हंगामाचं, हे कापडाच्या तुकड्यावर लिहायचं आणि तो तुकडा पोत्याला शिवायचा. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला मी त्या चिठ्ठ्यांवर शिकले, आणि पोत्यांबरोबर येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर.

पण चिठ्ठीवर काय लिहायचं ते ठरवायची सुकवाराबाई. ती पारखी होती. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायची, कारण वरची मूठ नेहमी सजवलेली असते. वास घ्यायची. एक दाणा पुढच्या दातांत धरून करकन फोडायची, जिभेवर फिरवून थुंकायची. दुसरा दाणा चिमट्यात धरून दिव्यावर मऊ करायची आणि दोन बोटांनी त्याचा धागा ओढायची. धागा लांब गेला तर माल ताजा, मध्येच तुटला तर जुना. हे सगळं होईपर्यंत शेडमध्ये कोणी तिच्याशी बोलायचं नाही. मग ती सांगायची, "कुसुमची. देवरीकडची. पहिल्या पावसात भिजली होती, लपवून राहिले." माल आणणारा शपथा घ्यायचा, आणि थोड्या वेळानं मान खाली घालून म्हणायचा, "हो बाई, भिजली होती थोडी."

ती दरेकशाजवळच्या एका टोल्यावरची, म्हणजे जंगलातल्या लहान वस्तीवरची. शुक्रवारी जन्मली म्हणून सुकवारा. नवरा गेल्यावर गोंदियाला आली, कारखान्यामागं एका खोलीत राहायची. साप तिनं हातातल्या झाडूनं बाजूला सारलेला मी पाहिला आहे. दरवर्षी माघात गोंडांच्या कचारगडच्या जत्रेला जायची, तिथल्या गुहेत, जिथं आम्हा पोवारांच्या बाया हात धरून-धरून शिरतात, तिथं ती एकटी आत जाऊन बसायची. मी विचारलं, "तिथं नाही का भेत?" तर म्हणाली, "तिथं कायले भेऊ? तिथं कागद नाही."

तिचं भय कागदाचं होतं. कागद आणि शाई आणि पांढऱ्या गाडीतून उतरणारी, हातात फाईल धरलेली माणसं. गेटाशी अशी गाडी थांबली की ती पाण्याच्या टाकीमागं जायची. दाराकडं पाठ करून कधी बसायची नाही. ती लहान असताना तिच्या बापानं एका ठेकेदाराच्या कागदावर अंगठा दिला होता. त्याला सांगितलं होतं, हा एका हंगामाचा कागद आहे. पुढच्या हंगामात बाप कुसुमच्या झाडावर चढायला गेला तर खाली माणूस उभा. म्हणे, ही सगळी झाडं आता आमची. "बाप झाडावरून उतरला," ती सांगायची, "अन् कागद काही उतरला नाही." एवढंच सांगायची. पुढं काय झालं, मी कधी विचारलं नाही.

आमचा शेठजी माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्याला शिव्या देणार नाही. बापाचा धंदा त्यानं रडतखडत चालवला होता. भट्टीचा धूर एवढा, की आम्ही चाळीस बाया संध्याकाळी एकमेकींचे खोकले ओळखायचो. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो शेडमध्ये आला आणि उलट्या ड्रमवर बसला. म्हणाला, "सुनो सब. अपने देश का और उनके देश का करार हो रहा है."

कोणाचा देश, ते त्यानं सांगितलं. समुद्रापलीकडचा, थंडीचा. आपला चपडा तिकडं शिरताना त्यांचं सरकार त्यावर कर लावायचं, म्हणून तो महाग पडायचा. करार झाला की तो कर उठणार. मग तिकडची एक औषधवाली कंपनी आपल्या या कारखान्यात स्वतः पैसे घालणार. बिनधुराची भट्टी, वाफेचं यंत्र, नवी शेड. इथं बनवायचं आणि करमुक्त तिकडं न्यायचं, असा त्यांचा हिशेब.

बाया खूश झाल्या. रेखा म्हणून एक तिखट पोरगी होती, ती म्हणाली, "शेठजी, पंखा तं लागन ना?" सगळे हसले. सुकवाराबाईनं विचारलं, "अन् करार तुटला त?"

"अरे, दो देशों का करार है सुकवारा, कोई शादी थोड़ी है जो टूटेगी."

"मंग त लवकरच तुटन," रेखा म्हणाली, आणि पुन्हा हशा.

सुकवाराबाई हसली नाही. डब्यातली भाजी तशीच ठेवून मला हळूच म्हणाली, "पटलेबाई, लाखेचा किडा कसा बसते, माहीत आहे? आपण आधी झाड छाटतो, मंग कोवळं फुटते. मंग किड्याच्या काड्या बांधतो. किडा चालते, ओल पाहते, अन् बसते. हे करार म्हणजे छाटणी होय. झाड तयार करून राहिले त्याच्यासाठी."

"मग बरंच आहे की."

"बरंच आहे. पण किडा एकदा बसला का हालत नाही. झाड वाळलं तं त्याच्यासंगं मरते. हे लोक हालतात ना वो."

मी अनेक वर्तमानपत्रं वाचली आहेत, त्यांत मोठ्या लोकांचे लेख असतात. एवढी सरळ गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

मग ते आले. पांढरी गाडी, आणि त्यातून उतरले एक उंच गोरे साहेब, मान सारखी खाली वाकवून चालणारे, कारण आमच्या शेडच्या दाराला त्यांचं डोकं एकदा लागलं होतं. त्यांच्याबरोबर कंपनीच्या इथल्या मॅडम, केतकी नावाच्या, पुण्याच्या. बोलणं अगदी पुस्तकातलं. सुकवाराबाई अर्थातच टाकीमागं. शेठजी स्वतः जाऊन तिला घेऊन आला.

साहेबांनी खिशातून तीन पुड्या काढून तिच्यापुढं ठेवल्या. केतकी मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही न बघता ओळखता असं ऐकलंय. यातली कुठली कुठली आहे, सांगाल का?"

तिचे हात एवढे थरथरत होते, की पहिली पुडी उघडताना दोन दाणे खाली पडले. पण दाणा दातांत गेला आणि थरथर थांबली. हे मी नेहमी पाहिलं आहे. "पळस. ही आपल्याकडची." दुसरी. "कुसुम. ही पण आपलीच, पण छत्तीसगढची." तिसरी तिनं फोडली, थांबली, पुन्हा एक दाणा घेतला. दिव्यावर धरला, धागा ओढला, नाकाजवळ नेला. मग पुडी परत साहेबांच्या हातात दिली. "ही आपली नव्हे. या झाडाले मी कधी पायलं नाही. मोठ्या पानाचं असन. पाणी लय असन तिथं."

मॅडमनी साहेबांना सांगितलं. साहेब मोठ्यानं हसले आणि टाळ्या वाजवायला लागले. ती पुडी दुसऱ्याच एका देशातली होती. तिनं मला नंतर विचारलं, "हसला काऊन तो?" मी म्हटलं, खूश झाला. ती म्हणाली, "मले वाटलं पकडलं."

पैसा आला, खरंच आला. धुराची भट्टी गेली. बायांसाठी कडी असलेले संडास झाले, तेही पाण्याचे. पंखे लागले. दवाखान्याचं कार्ड मिळालं. दुसऱ्या शेडचे खांब उभे राहू लागले, आणखी वीस बाया घेणार म्हणून. रेखानं आपल्या नणंदेचं नाव आधीच देऊन ठेवलं. मी हे सगळं एवढ्यासाठी लिहिते, की बाहेरचा पैसा म्हणजे राक्षस असं मला म्हणायचं नाही. माझा खोकला त्या पैशानंच थांबला.

पण त्याच्याबरोबर दोन कागदाच्या गोष्टी आल्या.

एक म्हणजे गेटवरचं अंगठ्याचं यंत्र. अंगठा ठेवला की ते पीं करून "धन्यवाद" म्हणायचं. सुकवाराबाईनं तीन दिवस अंगठ्याला चिंधी बांधून काढले, भाजलं म्हणून. चौथ्या दिवशी मी चिंधी सोडली. ठेवला अंगठा. यंत्र म्हणालं, "पुन्हा प्रयत्न करा." आठ वेळा म्हणालं. तिच्या बोटांवर रेघाच नव्हत्या. जन्मभर गरम लाखेचे धागे ओढून ती बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. ती अंगठ्याकडं बघत म्हणाली, "म्हणजे मी नाहीच काय वो? हे म्हणन तेव्हाच मी आहे काय?" शेवटी मॅडमनी परवानगी दिली, की तिनं रोज अंगठा ठेवून पाहावा आणि यंत्र नाही म्हणालं की मी एका वहीत तिची हजेरी लिहावी. सुकवारा उईके, आली. रोज ती वाकून बघायची, लिहिलं का.

दुसरी गोष्ट सहीची. मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावलं. कर माफ आहे तो आपल्या देशातल्या झाडावरच्या लाखेला. बाहेरून आणलेली लाख आपल्या नावावर पाठवता येणार नाही. म्हणून प्रत्येक खेपेच्या कागदावर पारखीनं सही करायची, की हा माल मी तपासला, हा इथलाच आहे. "आणि समजा चुकीचा निघाला," मॅडम म्हणाल्या, "तर सवलत जाईल. सवलत गेली तर कंपनीला इथे राहण्यात काही अर्थच उरणार नाही. हे मी घाबरवायला नाही सांगत आहे, मावशी."

सुकवाराबाईला एवढं सांगणं पुरेसं होतं. अंगठा चालणार नव्हता, म्हणून तिला सही शिकवायचं काम माझ्याकडं आलं. चार अक्षरं, दीड महिना लागला. 'वा' काढताना ती श्वास रोखून धरायची. पहिल्या खेपेच्या कागदावर सही केली आणि बाहेर जाऊन ओकली. पण खेपेमागून खेप जात राहिली आणि ती करत राहिली. सही करण्याआधी खेपेतल्या प्रत्येक पोत्यातला दाणा चावायची. मॅडम म्हणायच्या, नमुन्याला पाच पोती पुरेत. ती ऐकायची नाही.

मग तो उन्हाळा आला. तुम्हाला आठवत असेल, झाडाखाली उभं राहवत नव्हतं. पळसावरचे किडे जागच्या जागी भाजून मेले. सालेकसा, देवरी, बालाघाट, जिथून तिथून निरोप, माल नाही. आणि तिकडं मोठी मागणी लिहून दिलेली, तारखेला माल पोचला नाही तर दुसऱ्या शेडचे पैसे अडणार.

एका दुपारी ट्रक लागला. चांगली भरलेली पोती, पण नवी, आणि तोंडं यंत्रावर शिवलेली. आमच्याकडचे लोक सुतळीनं हातानं शिवतात. शेठजीनं मला बाजूला घेतलं. "पटलेबाई, इन पे सालेकसा लिख दो." मी विचारलं, "आहे का सालेकशाचा?" तो माझ्याकडं बघेना. म्हणाला, "एक लॉट की बात है. चालीस औरतों का सवाल है, बाई. आपका भी."

आणि मी लिहिलं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या सुनेलाही नाही. ज्या चिठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले, त्यांच्यावर मी खोटं गाव लिहिलं आणि सुईनं शिवून टाकलं. हात कापत नव्हता, हेच मला जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकवाराबाई पोत्यांपाशी आली. चिठ्ठी वाचली. आता तिला तेवढं वाचता यायचं, मीच शिकवलं होतं. तिनं हात घातला, दाणा फोडला, आणि थुंकली नाही. तसाच तोंडात धरून उभी राहिली. मग मला दंडाला धरून टाकीमागं नेलं.

"ही त्या गोऱ्या साहेबाच्या तिसऱ्या पुडीतली आहे."

मी पायाखालची माती बघत राहिले.

"तू लिवलं सालेकसा?"

"हो."

मला वाटलं, आता ही मला बोलेल. ती खाली बसली, गुडघ्यात डोकं घालून. मी पाणी दिलं, ते तिला पिता येईना. तांब्या तसाच परत देत म्हणाली, "तुलेही भेव लागलं असन."

मग ती शेठजीपुढं जाऊन उभी राहिली. साडीचा पदर दोन्ही मुठींत. "शेठजी, मी सही नाही करत."

"सुकवारा, कौन चबा के देखेगा वहाँ? मशीन में जाएगा, पिघल जाएगा. किसको पता चलेगा?"

"तिकडं पण एक बाई असन," ती म्हणाली.

"कौन बाई?"

"माह्यासारखी. दाणा दातात धरणारी. जगात मी एकटीच पारखी आहे काय?"

शेठजीनं डोक्याला हात लावला. खरं सांगते, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, सही नाही तर खेप नाही, खेप नाही तर कंपनी गेली, मग तूच सांग या बायांना. ती म्हणाली, "हे वाईट नाही, शेठजी. चांगली लाख आहे, परक्या झाडाची आहे एवढंच. बांगडीवाल्यायले विका, इथंच. आपली जेवढी आहे तेवढी तिकडं पाठवा. कमी तं कमी." आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडमले फोन लाव."

जी बाई फोन वाजला तर त्यावर पदर टाकायची, तिनं तो कानाशी धरला. उलटा. मी सरळ केला. "मॅडम, मी सुकवारा. माल कमी आहे. आपलं झाड वाळलं. बाकीचा आला तो आपला नव्हे. मी सांगून राहिली, म्हणजे तुमाले दुसऱ्यानं नाही सांगावं लागन." मग मॅडम म्हणाल्या, "मावशी, कोणी पोत्यांना हात लावू नका. मी पाठवते माणसं."

माणसं आली. साहेब नव्हते. हातमोजे घातलेले दोघं, त्यांनी नमुने डब्यांत भरले, गोदामाला कुलूप घातलं, माझ्या चिठ्ठ्याही कापून नेल्या. मला विचारलं, ही अक्षरं कुणाची. मी म्हटलं, माझी. शेठजी मध्ये म्हणाला, "मैंने लिखवाया." सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. निकाल येईपर्यंत कारखाना बंद.

ते दोन महिने. चाळीस घरांत रोज सकाळी बाया उठून डबा न करता बसायच्या. नळावर सुकवाराबाई दिसली की बोलणं थांबायचं. रेखा एक दिवस तिच्यासमोर घागर आपटून म्हणाली, "मावशी, एवढी भेतेस ना सगळ्यायले. मंग बोलाले कशी नाही भेली?"

"भेव लागलं म्हणूनच त बोलली वो," सुकवाराबाई म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होता, की रेखाला तो ऐकू गेला की नाही कुणास ठाऊक. मी बाजूलाच होते. मी तोंड उघडून सांगायला हवं होतं, की चिठ्ठ्या माझ्या होत्या. नाही सांगितलं. घागर भरली आणि निघून आले.

ती त्या दिवसांत घराबाहेर फारशी पडली नाही. मी जायचे. खोलीत दाराकडं तोंड करून बसलेली असायची. बाहेर गाडीचा आवाज आला की आम्ही दोघी एकदमच बोलायचं थांबायचो. एकदा म्हणाली, "बाप तरी झाडावरून उतरला. मी तं चाळीस जणीयले उतरवलं." मी म्हटलं, असं नको बोलू. दुसरं काय म्हणणार होते. रोज हाताला एरंडाचं तेल चोळायची, काम नसलं की बोटं दुखतात म्हणून.

मग निकाल आला. आपली जी लाख होती ती घेतली, कमी भरली तरी घेतली. आधी गेलेल्या सगळ्या खेपांचे राखून ठेवलेले नमुने तिकडं तपासले, एकही दाणा परका निघाला नाही. करारातली सवलत राहिली. पहिली शेड राहिली. दुसऱ्या शेडचे पैसे मात्र थांबवले. ते खांब अजून तसेच उभे आहेत, सळया वर निघालेल्या. रेखाच्या नणंदेला काम मिळालं नाही. रेखा त्यानंतर सुकवाराबाईशी कधी धड बोलली नाही, आणि मला तिचंही चुकलं असं म्हणवत नाही.

सुकवाराबाई त्यानंतर एकच हंगाम राहिली. मग लेकीकडं टोल्यावर गेली, आणि तिथंच, एवढ्यात, वारल्याचं कळलं. मला जाता आलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं ती दिसते ती कारखाना पुन्हा उघडला त्या दिवसांतली.

उघडला त्या सकाळी आम्ही रांगेत उभ्या होतो. तिची पाळी आली. सवयीनं मी वही काढली, आणि सवयीनंच तिनं अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र पीं झालं. "धन्यवाद."

तिनं हात झटकन मागं घेतला, विंचू चावल्यासारखा. मग अंगठा डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. दोन महिने लाख नाही, आग नाही, वर तेल. रेघा उगवल्या होत्या.

"आता ओळखते मले," ती म्हणाली. "काम नव्हतं तं ओळखते." आणि मग, अगदी कानात, "पटलेबाई, मले लय भेव वाटून राहिलं."

पुढचे सात-आठ दिवस यंत्र तिला ओळखत राहिलं, आणि रोज त्या आवाजाला ती दचकायची. नवव्या का दहाव्या दिवशी ती रांगेतून माझ्याकडं आली. मागून यंत्र अजून म्हणत होतं, पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. तिनं अंगठा माझ्या तोंडासमोर धरला. ताजा भाजलेला, लाल, गुळगुळीत. तिला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

"लिव," ती म्हणाली.

मी वही उघडली. सुकवारा उईके, आली. तिनं वाकून पाहिलं, लिहिलं का ते, आणि आत गेली.